पन्नास पुंगळ्या

मी स्वभावाने फटाक्याला भिणारा मनुष्य. लहानपणी लवंगी पेटवायची ती हातभर काठीला उदबत्ती बांधून, आणि ती काठीसुद्धा धाकट्या बहिणीच्या हाती देऊन! अशा माणसाने ऐन दिवाळीत बंदुकीच्या दारूच्या डब्याशेजारी बसून दुपारच्या दुपार काढल्या, हे सांगितले तर आमच्या आळीत कोणी विश्वास ठेवणार नाही.

2018 साली मुलीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात गेलो होतो. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहत. त्यांच्या तळघरातून खटक-खटक असा आवाज येई. मुलगी म्हणाली, "बाबा, ते घरी काडतुसे भरतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. आपल्याकडे बंदूक बाळगायची तर 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना हवा. आणि इथे हे गृहस्थ, आपण निवृत्तीनंतर तुळशीला पाणी घालावे तसे, काडतुसे भरीत बसतात!

पण कुतूहल भीतीहून वाईट. चार दिवसांत मी त्यांच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर कायमचा बसू लागलो.

बार उडाल्यावर पितळी पुंगळी शाबूत राहते. ती फुगलेली असते, म्हणून पोलादी साच्यात दाबून पूर्ववत करायची. तिच्या बुडाची जळकी टोपी काढून नवी बसवायची. तोंड किंचित फुलवायचे, दारू घालायची, वर गोळी दाबायची. एवढेच. पैसे वाचतात का, असे मी विचारले. "छे! तेवढ्याच पैशांत बार जास्त उडतात," ते म्हणाले. साडीच्या सेलमधल्या बचतीसारखाच हा प्रकार.

नवशिक्याने आधी काय घ्यावे? मला वाटले, यंत्र. ते म्हणाले, आधी पुस्तक, मग तराजू, यंत्र शेवटी. कोणत्या गोळीला कोणती दारू किती, ते पुस्तकात छापलेले असते. त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. त्यांचा तराजू दांडीचा होता. विजेचाही मिळतो, पण ह्यांचा ह्या दांडीवर जीव. माप ग्रेनचे. मला एकदम आमच्या पेठेतले सोनार आठवले. तोळा म्हणजे 180 ग्रेन आणि 96 गुंजा. म्हणजे एक गुंज दोन ग्रेनांना किंचित कमी. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी कागदावर लिहून घेतले. सातासमुद्रापलीकडे आपली गुंज कामाला आली, याचा मला कोण अभिमान!

यंत्र मात्र जुनाट. दांडा एकदा ओढला की एकच काम होणार. दुकानात फिरत्या थाळीची यंत्रे मी पाहिली होती. दांडा ओढला की दर वेळी एक तयार काडतूस बाहेर! जन्मभर हिशेबाच्या वह्या भरलेला मी. तेच का घेत नाही, असे विचारल्यावाचून राहवेना. ते म्हणाले, "त्यात पाच कामे एकदम चालतात. माझी नजर एका वेळी एकाच कामावर राहते."

हा म्हातारपणाचा हट्ट असे मी मनात म्हटले, आणि दोनच दिवसांनी अद्दल घडली.

त्या दिवशी मी मुलीने केलेली शंकरपाळी घेऊन गेलो. लाकडी फळीच्या पन्नास भोकांत पन्नास पुंगळ्या उभ्या होत्या आणि ते एकेकीत दारू घालीत होते. मला आमच्या कोकणातल्या आजोबांची ठासणीची बंदूक आठवली आणि मी सुरू झालो. रानडुकरे, माकडे, दारू, चिंधी, छर्रे! ते हसले, मान डोलावली. मग हात थांबला. ते फळीकडे पाहत राहिले.

त्यांचे रिव्हॉल्व्हर अडतीस स्पेशल जातीचे. हे काडतूस 1898 सालचे, काळ्या दारूच्या जमान्यातले, त्यामुळे पुंगळी ऐसपैस. आजची बिनधुराची दारू तिच्या तळाशी चिमूटभर बसते. चुकून दोनदा पडली तरी मावते, वर गोळीही नीट बसते. बाहेरून काडतूस अगदी शहाण्यासारखे दिसते. उडवले की रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकते.

आणि ती काडतुसे शनिवारी त्यांची कॉलेजातली नात उडवणार होती.

त्यांनी न बोलता एकेक पुंगळी डब्यात उपडी केली. मी ओशाळून म्हणालो, "अहो, विजेरीने आत पाहा ना! दारू कुठवर आहे ते दिसेल."

"पाहिले होते," ते शांतपणे म्हणाले. "पण तुमची गोष्ट ऐकता ऐकता पाहिले होते."

घरी आल्यावर मला जेवण गेले नाही. मुलीला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तो तोंडाला कुलूप लावून. पन्नास वेळा तराजूची दांडी, पन्नास वेळा विजेरी. शेवटची गोळी बसली. त्यांनी दारूचा डबा बंद करून कपाटात ठेवला, शिशाचे हात साबणाने दोनदा धुतले, जिन्यावर माझ्या शेजारी येऊन बसले आणि शंकरपाळ्यांची बशी ओढून म्हणाले, "हं, तुमचे आजोबा."

मी सांगू लागलो. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे कळावे म्हणून आजोबांनी गजावर चाकूने एक खाच केली होती. गज नळीत सोडायचा. खाच बाहेर राहिली तर आत बार आहे, पुन्हा ठासायचे नाही.

त्यांनी हातातले शंकरपाळे खाली ठेवले.

"थांबा," ते म्हणाले, "ते खाचेचे पुन्हा सांगा."