वर्गणीदार

मराठी माणसाचे निम्मे आयुष्य वर्गणी देण्यात जाते आणि उरलेले निम्मे ती मागण्यात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गणपती जवळ आले की आळीतली पोरे पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात. वाचनालयाची वर्गणी थकली की ग्रंथपाल चष्म्यावरून असे काही पाहतात की, हातातली कादंबरी आपोआप टेबलावर परत जाते. मासिकाची वर्गणी, साहित्यसंस्थेची वर्गणी, कॉलेजातल्या शिपायाच्या निरोपसमारंभाची वर्गणी! त्यातून मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा वर्गणीदार म्हणून माझा अनुभव दांडगा आहे.

ह्या जुन्या वर्गण्यांच्या पंक्तीला आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी एक नवी वर्गणी येऊन बसली. ती व्हिडिओ गेमची. चिरंजीव तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते.

“बाबा, एक नवा गेम विकत घ्यायचा तर चार-पाच हजार रुपये पडतात,” तो म्हणाला. “त्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला थोडे पैसे भरायचे. शेकडो गेम खेळता येतात.”

हिशेब बिनतोड होता. मध्यमवर्गीय बापाला ‘शेकडो’ आणि ‘थोडे’ हे दोन शब्द एकाच वाक्यात ऐकू आले की त्याचा विरोध मावळतो. माझाही मावळला.

आमच्या लहानपणी ह्या खेळांच्या कॅसेट मिळत. खरे म्हणजे त्या कॅसेट नव्हत्याच; पण सारे जण त्यांना कॅसेटच म्हणत. खेळ चालू झाला नाही तर ती काढायची, तिच्यात जोराने फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. एक कॅसेट चार घरे फिरे, भांडणे लावी, भांडणे मिटवी. दुकानदाराला दहा रुपये दिले की जुनी देऊन दुसरी मिळे. पण जोवर ती आपल्या कपाटात होती, तोवर ती आपली होती. कंपनी बुडो, दुकान बंद पडो, ती आपली कपाटात असे.

आता कपाटाची गरजच उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टने 2017 च्या जूनमध्ये ‘गेम पास’ ही योजना सुरू केली. महिन्याला दहा डॉलर भरावेत आणि शंभरावर खेळांतून हवा तो खेळावा, असा तो सौदा होता. पुढच्याच वर्षी कंपनीने जाहीर केले की, आमचे स्वतःचे नवे खेळ दुकानात येतील त्याच दिवशी वर्गणीदारांनाही मिळतील. नवी कादंबरी छापखान्यातून थेट वाचनालयाच्या फळीवर यावी, तसे हे झाले. 2019 मध्ये ॲपलने आपली ‘आर्केड’ काढली; भारतात तिची वर्गणी महिना 99 रुपये ठेवली. सोनीने 2022 मध्ये आपल्या ‘प्लेस्टेशन प्लस’च्या तीन पायऱ्या केल्या. 2024 च्या फेब्रुवारीत गेम पासचे वर्गणीदार 3 कोटी 40 लाख असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. एवढे वर्गणीदार आमच्या साऱ्या मराठी मासिकांना मिळून स्वप्नातसुद्धा दिसणार नाहीत!

ह्या व्यवस्थेचे गुण मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या छोट्या मंडळीने ‘राजी’ नावाचा खेळ केला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट. देव-दानव, किल्ले, वाडे, सारे आपल्याकडचे. लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न 2017 मध्ये फसला होता. तरीही त्यांनी नेटाने 2020 मध्ये खेळ पुरा केला आणि 2021 मध्ये तो गेम पासच्या फळीवर जाऊन बसला. पुण्यातल्या अनोळखी मंडळींच्या खेळासाठी परदेशातल्या किती पोरांनी पदरचे पैसे मोजले असते? पण वर्गणी भरलेलीच आहे म्हटल्यावर ‘बघू या तरी’ म्हणायला काय जाते? ह्या ‘बघू या तरी’मध्ये नव्या कलावंताचे सारे भाग्य साठवलेले असते. आमच्या चिरंजीवाने ‘राजी’ पाहिला तो असाच.

पण त्याच ‘बघू या तरी’ची दुसरी बाजूही मला घरबसल्या दिसते. चिरंजीव एक खेळ उघडतो, पंधरा मिनिटे खेळतो, कंटाळतो आणि दुसरा उघडतो. विकत घेतलेल्या खेळाशी माणूस झटतो. पैसे गेलेले असतात ना! वर्गात मी पाहतो, कादंबरीची पहिली चाळीस पाने नेटाने वाचणारा विद्यार्थीच पुढे तिच्या प्रेमात पडतो. हे खेळ करणाऱ्यांनाही कळते. मग पहिल्या पंधरा मिनिटांतच सारा दारूगोळा उडवून देण्याचा मोह त्यांना झाला, तर दोष कोणाला द्यायचा?

त्याहून मोठा प्रश्न पैशाचा. पूर्वी खेळणारा पैसे देई आणि त्यातला वाटा करणाऱ्याकडे जाई. आता वर्गणी जमा होते ती मालकाच्या गल्ल्यात. खेळ करणाऱ्याला कधी एकरकमी बिदागी मिळते, कधी किती लोक किती वेळ खेळले त्यावर हिशेब होतो. म्हणजे त्याचे खरे गिऱ्हाईक आता खेळणारा नव्हेच. वर्गणी गोळा करणारा! वर्गणीच्या फळीवर गेलेल्या खेळाची दुकानातली विक्री घटते, हे मायक्रोसॉफ्टनेच ब्रिटनमधल्या सरकारी चौकशीत सांगितल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. सोनीच्या जिम रायन ह्यांनी 2022 मध्ये म्हटले होते की, आमचे मोठे खेळ आम्ही पहिल्याच दिवशी वर्गणीत देऊ लागलो, तर त्यांचा दर्जा टिकणार नाही.

टोकियोच्या ‘टँगो गेमवर्क्स’ची हकीगत तर चटका लावणारी आहे. 2023 च्या जानेवारीत त्यांचा ‘हाय-फाय रश’ हा खेळ जाहीर झाला त्याच दिवशी गेम पासवर आला. त्याची वाहवा झाली, पारितोषिके मिळाली. आणि 2024 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने ती संस्थाच बंद करीत असल्याचे सांगितले. पुढे ऑगस्टमध्ये एका कोरियन कंपनीने तिला जीवदान दिले, हे नशीब. अशा निर्णयाला कारणे अनेक असतात, हे मला कळते. पण ज्यांनी तो खेळ डोक्यावर घेतला, त्या वर्गणीदारांना कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही लपवता कामा नये. ‘क्लेर ऑब्स्क्यूर’ हा एका फ्रेंच मंडळीचा खेळ 2025 च्या एप्रिलमध्ये पहिल्या दिवसापासून वर्गणीत होता. तरीही तीन दिवसांत त्याच्या दहा लाख प्रती विकल्या गेल्या. चांगली वस्तू फुकटात पाहूनही विकत घेणारे रसिक जगात आहेत. तेव्हा वर्गणीने कला मरते, असा आक्रोश मी करणार नाही. माझी तक्रार निराळी आहे आणि ती मला चिरंजीवाने शिकवली.

गेल्या वर्षी तो एका लांबलचक कथेच्या खेळात गुंतला होता. जेवताना त्यातल्या पात्रांविषयी असा बोले, जणू ती आमच्या बिल्डिंगमध्येच राहतात. एके दिवशी सूचना आली : हा खेळ दोन आठवड्यांनी सेवेतून जाणार. कॉलेजची चाचणी परीक्षा तोंडावर होती. पोराने रात्री जागून धावपळ केली. पण शेवटचा भाग राहिला तो राहिलाच. सवलतीत विकत घ्यायचा तरी दोन-अडीच हजारांचा प्रश्न. “राहू दे,” तोच म्हणाला. त्याने जिथवर मजल मारली होती, त्याची नोंद मात्र अजून जपलेली आहे. किल्ली हातात, आणि घर नाहीसे!

“आपण वाचनालयाची वर्गणी भरतो, तसेच आहे हे,” मी त्याची समजूत घालू लागलो.

“नाही हं, बाबा,” तो म्हणाला. “वाचनालयातले पुस्तक तिथेच असते. पुन्हा नंबर लावता येतो.”

मी गप्प राहिलो. पण त्याच्या बोलण्याने मला वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची आठवण झाली. पंचवीस खुर्च्या, अकरा माणसे आणि चहा. तरी त्या सभेत एखादे पेन्शनर आजोबा उठून विचारतात, “अमुक लेखकाचे खंड कपाटातून कुठे गेले?” आणि चिटणीसांना उत्तर द्यावे लागते. गणपतीचे मंडळसुद्धा जमाखर्चाचा कागद फळ्यावर लावते. आमच्याकडे वर्गणीचा अर्थ नुसते पैसे असा कधीच नव्हता. वर्गणी दिली की माणूस सभासद होई आणि त्याला विचारण्याचा हक्क येई. ह्या नव्या वर्गणीत पैसे सभासदाचे आणि दर्जा भाडेकरूचा! 2025 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत गेम पासची सर्वांत वरची वर्गणी वीस डॉलरांची एकदम तीस झाली. सभा भरली नाही, ठराव झाला नाही. नुसती सूचना आली.

विकत घेणाऱ्यांचीही आता धडगत नाही. युबिसॉफ्टने 2014 मध्ये विकलेला ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ 2024 च्या मार्चअखेर कंपनीने आपली यंत्रे बंद करताच, पैसे मोजलेल्यांच्या घरीही थांबला. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली : विकलेला खेळ मारू नका. 2025 च्या जुलैत तिच्या अर्जावरच्या सह्या दहा लाखांवर गेल्या. बातमी वाचून मला पेन्शनर आजोबाच आठवले. दहा लाख माणसे एकाच वेळी खुर्चीवरून उठून विचारीत होती, “आमचे पुस्तक कुठे गेले?”

चिरंजीव अजून वर्गणी भरतो आणि मी ती देतो. वर्गणी द्यायला मराठी माणसाची कधी ना नसते. फक्त पावतीबरोबर सभेचे आमंत्रण आले पाहिजे.