मापाबाहेरचे सायकलस्वार

सीवूड्सच्या कडेने पामबीच मार्ग जातो. एका बाजूला इमारतींची रांग, दुसऱ्या बाजूला खारफुटीचा दाट पट्टा, त्याच्यापलीकडे भरती-ओहोटीबरोबर रंग पालटणारी खाडी, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिच्या उथळ पाण्यात उतरणारे रोहित पक्ष्यांचे थवे. अशा वाटेवर वाहनांची वर्दळ सुरू होण्याआधी सायकल चालवणे हे नवी मुंबईच्या रहिवाशाला लाभलेले निखळ सुख आहे, आणि त्या सुखावर कमरेच्या घेराची अट असावी असे कोणीही उघडपणे म्हणणार नाही. तरीही अशी अट आहे. ती कोठे लिहिलेली नाही. दुकानातील कपड्यांच्या रांगेत 'एक्सएल'नंतर हँगर संपतात आणि बुटांच्या खोक्यांमध्ये एकाच रुंदीची पावले गृहीत धरलेली असतात, तेथे ती अट न बोलता लागू होते.

वास्तविक सायकल हे वजनदार शरीराला विशेष मानवणारे वाहन आहे. धावताना शरीराचा सगळा भार पावलागणिक गुडघ्यांवर आणि घोट्यांवर आदळतो, तर सायकलवर त्यातील मोठा हिस्सा सीट पेलते आणि सांध्यांना हादरे न बसता हृदयाला व स्नायूंना व्यायाम मिळतो. म्हणूनच गुडघे कुरकुरू लागलेल्या माणसाला पळण्याऐवजी पोहणे किंवा सायकल सुचवली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाच्या किंवा स्थूलतेच्या गटात मोडतात. हे वाहन ज्यांच्या सर्वाधिक उपयोगाचे, त्यांच्याच अंगाला येईल असा पोशाख मिळू नये, ही विसंगती वरवरची नाही.

खास पोशाख हवाच कशाला, असा प्रश्न येथे विचारला जातो, आणि तो रास्तही आहे, कारण दूधवाले, पेपरवाले आणि पाववाले साध्या पँटीवर आयुष्यभर सायकल चालवत आले आहेत. परंतु छोट्या फेऱ्या मारत ठिकठिकाणी उतरणे वेगळे आणि तासन्तास सलग बसून राहणे वेगळे. सुती कापड घाम धरून ठेवते, जाडसर शिवण ओली होऊन जांघेत घासत राहते, दोन्ही मांड्या सीटच्या टोकाशी एकमेकींना लागत असतील तर ही घासण दुप्पट होते, आणि घरी पोहोचेपर्यंत कातडी लाल होऊन काचलेली असते. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. त्यात पामबीच मार्ग जवळजवळ सपाट; घाटात चढावर स्वार आपोआप पेडलवर उभा राहतो आणि बुडाखालचा दाब मोकळा होतो, तशी सवड या रस्त्यावर मिळत नाही. काच बसला की दोन-चार दिवस सायकल कोपऱ्यात उभी राहते, आणि नव्याने सुरुवात केलेल्या माणसाच्या बाबतीत ती पुष्कळदा तेथेच कायम होते.

या त्रासावरचा उपाय म्हणजे पॅडेड शॉर्ट्स, अर्थात आत गादी शिवलेली, अंगाला चिकटून बसणारी तोकडी विजार. ही गादी पूर्वी आल्प्स पर्वतातील शॅम्वा या रानशेळीसारख्या प्राण्याच्या मऊ कातड्याची असे. आता ती कृत्रिम फोमची असते, आणि तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते, कारण त्याचीच शिवण काचते. कमरेच्या इलॅस्टिकऐवजी खांद्यावरून जाणारे पट्टे असलेल्या प्रकाराला बिब शॉर्ट म्हणतात. पोट मोठे असेल त्याला बिबच सोयीची, कारण इलॅस्टिक पुढे वाकताना पोटाखाली गुंडाळले जाऊन रुतते. मात्र बिबचे पट्टे आखूड पडले तर ते खांद्यावर ओरखडे उठवतात, आणि मांडीवर शॉर्ट सरकू नये म्हणून लावलेली सिलिकॉनची चिकट पट्टी घेर अपुरा असल्यास मांडीत वळ उमटेपर्यंत आवळते. कापड प्रमाणाबाहेर ताणले गेले की विरळ होऊन पारदर्शक दिसू लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे गादी ओढली जाऊन आपली जागा सोडते. ज्या हाडांखाली ती हवी तेथे ती उरत नाही. ताणले जाणारे कापड सगळ्यांना बसते, ही समजूत म्हणूनच खोटी आहे. लायक्रा या नावाने ओळखला जाणारा धागा १९५८ साली अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने सिद्ध केला. तो कितीही लवचीक असला तरी त्याच्या कापडाचे तुकडे विशिष्ट मापाच्या शरीरासाठीच कापलेले असतात.

तुकडे कापण्याच्या या पद्धतीतच अडचणीचे मूळ आहे. तयार कपड्यांच्या उद्योगात एका मधल्या मापाचा नमुना काढला जातो आणि त्यावरून लहान-मोठी मापे ठरावीक फरकाने वाढवत-घटवत नेली जातात. या क्रियेला ग्रेडिंग म्हणतात. मानवी शरीर असे रेषेत वाढत नाही. वजन वाढलेल्या माणसाचे पोट वाढते, मनगट फारसे वाढत नाही. एखादीच्या मांड्या भरतात आणि खांदे तसेच अरुंद राहतात. उंची तर वजनाबरोबर वाढतच नाही. परिणामी छातीला बरोबर बसणाऱ्या जर्सीच्या बाह्या कोपरापर्यंत लोंबतात आणि कमरेला बसणारी शॉर्ट मांडीत अडकते. त्यातही बहुतेक सायकलचे कपडे शर्यतीच्या बेताने, म्हणजे वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून पुढे वाकलेल्या कृश शरीरावर बेतलेले असतात. एका कंपनीचे 'एक्सएल' दुसरीच्या 'एम'पेक्षा जेमतेम मोठे निघते, ते यामुळेच. स्त्रियांची स्थिती अधिक बिकट आहे: त्यांच्यासाठीचे नमुने मुळात थोडे, त्यातील मोठी मापे आणखी थोडी, आणि ट्रायल रूमच्या पडद्याआड अर्ध्यावर अडकलेली शॉर्ट ओढून काढताना जो संकोच वाटतो तो अनेकींना पुन्हा त्या दुकानाची पायरी चढू देत नाही. हा संकोच त्यांच्या शरीराचा दोष नाही. तो त्या नमुन्याचा दोष आहे.

जुन्या पद्धतीने कपडे शिवणारा शिंपी कडेला माया सोडतो, म्हणजे शिवणीच्या आत थोडे जादा कापड राखतो, आणि अंग भरले की शिवण उसवून तो कपडा मोठा करून देतो. सायकलच्या शॉर्टमध्ये काचू नये म्हणून शिवणी सपाट, कडेला कडा भिडवून घातलेल्या असतात. त्यामुळे तेथे माया नसते. वाढीची सोय ज्या कपड्यात नाही, तो विकताना मापांची विविधता तरी भरपूर असायला हवी, इतकी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

बुटांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सायकलचे खास बूट तळाला कडक असतात, त्यांच्या तळव्याला क्लीट नावाची खाच असलेली पट्टी बसवतात आणि ती पेडलमध्ये अडकून पाऊल घट्ट धरले जाते. फ्रान्सच्या लूक कंपनीने १९८४ मध्ये आणलेली ही पेडले वापरून बर्नार इनोने १९८५ ची टूर द फ्रान्स जिंकली आणि त्यानंतर ही पद्धत जगभर रूढ झाली. आता या बुटात रुंद पाऊल घालून पाहावे. वजनाच्या भाराने पावलाची कमान थोडी खाली बसते आणि चवडा पसरतो. उन्हात व श्रमाने पाऊल आणखी सुजते. चामडे वापराने सैल पडते, पण या बुटांचा कृत्रिम वरचा भाग आणि कार्बनचा किंवा नायलॉनचा तळ काही केल्या सैल पडत नाही. अर्ध्या तासात करंगळीशी टोचणी लागते, मग चवड्यात आग होते, मग बोटांना मुंग्या येतात.

यावर दुकानात हमखास सुचवला जाणारा तोडगा म्हणजे एक नंबर मोठा बूट. तो घातक आहे. युरोपीय मापपद्धतीत एक नंबर म्हणजे लांबीत दोन तृतीयांश सेंटिमीटरची वाढ; रुंदी तिच्याबरोबर थोडीच वाढते. रुंदी मिळवण्यासाठी दोन नंबर वर गेल्यास बूट पावलापेक्षा सव्वा सेंटिमीटरहून अधिक लांब होतो, टाच आत वरखाली होते, आणि क्लीटसाठीची छिद्रे पुढे सरकतात. चवड्याचा उंचवटा पेडलच्या आसावर येईल अशा बेताने ती छिद्रे पाडलेली असतात. ती पुढे गेली की क्लीट बोटांखाली येते, आणि प्रत्येक फेरीचा जोर पोटरीवर व टाचेच्या मागच्या शिरेवर पडतो. रुंद पावलाला रुंद बूटच हवा. अमेरिकी पद्धतीत पुरुषांची मध्यम रुंदी 'डी', रुंद '२ई' आणि अतिरुंद '४ई' अशी दाखवतात. शिमानोसारख्या कंपन्या काही बूट रुंद फर्म्यावर बनवतात. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा तो साचा, ज्यावर बूट चढवून घडवला जातो. पण असा बूट मुळात दुकानात ठेवलेला असेल तरच तो पायात घालून पाहता येतो.

आणि हा केवळ लठ्ठ माणसांचा प्रश्नही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पावले युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे आणि म्हणून पुष्कळ लोक गरजेपेक्षा लांब बूट घालत असल्याचे आढळले. त्यावरून 'भ' या नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. कपड्यांबाबत असेच काम राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइज' या प्रकल्पात हाती घेतले, ज्यात मुंबईसह सहा शहरांतील २५ हजार व्यक्तींची त्रिमिती यंत्राने मापे घेण्याचे ठरले. या संस्थेची मुंबई शाखा नवी मुंबईतच, खारघरला आहे. बुटांचे कसबी हातही दूर नाहीत. हार्बर मार्गावरच कुर्ला-चेंबूरच्या बाजूला ठक्कर बाप्पा कॉलनीत पिढ्यान्‌पिढ्या पादत्राणे घडवणारी वस्ती आहे. मोजणारे आहेत, घडवणारे आहेत, चालवणारे आहेत. त्यांची गाठ मात्र अजून पडलेली नाही, आणि ती घालून देण्याचे काम व्यापाऱ्यांनी मनावर घ्यावे असे आहे.

तोवर भरल्या अंगाच्या सायकलस्वाराने अक्षरांवर विसंबू नये. छाती, पोट, नितंब आणि मांडीचा सर्वांत जाड भाग सेंटिमीटरमध्ये मोजून ते आकडे जवळ ठेवावेत आणि प्रत्येक कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावेत. घट्ट शॉर्ट उघड्यावर घालण्याचा संकोच वाटत असेल तर ती नेहमीच्या सैल विजारीच्या आत घालावी, उपयोग तितकाच होतो. पाऊल संध्याकाळी, दिवसभराची सूज धरलेले असताना, कागदावर उभे राहून रेखावे आणि लांबीबरोबर रुंदीही लिहून घ्यावी. क्लीटचा रुंद बूट न मिळाल्यास सपाट पेडल आणि कडक तळाचा साधा रुंद बूट यांवर पामबीचच्या कितीही फेऱ्या आनंदाने होतात. दुकानदारांना विनंती एवढीच की प्रत्येक प्रकारातील सर्वांत मोठ्या मापाचा किमान एक नग आणि रुंद बुटांची किमान एक जोडी घालून पाहण्यासाठी दुकानात ठेवावी, आणि ती मागणाऱ्याला आधी वजन कमी करून येण्याचा सल्ला देऊ नये.