उतरण

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

पायरी या शब्दाला मराठीत मोठा मान आहे. माणसानं आपली पायरी ओळखून वागावं, पायरी सोडून बोलू नये, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत येतो. उतरणीच्या वाट्याला मात्र असं भाग्य आलं नाही. कळा असते ती उतरती, वय होतं ते उतार, आणि घराणं उतरणीला लागलं असं कुणी पेढे वाटून सांगत नाही! मलाही उतरणीबद्दल चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नसतं. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी उतरणीचं काम आलं, आणि तेही एका कुत्र्याच्या पिल्लासाठी.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सुतारकाम करतात. आमचं घर पनवेलच्या जुन्या गावात. पणजोबा बैलगाडीची चाकं करायचे. पनवेलात हा धंदा एके काळी जोरात होता. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येसुद्धा पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून चाकांचा उल्लेख आहे. देशावरून आलेला गाडीवान परत जाताना चाकांची एक जोडी घेऊन जाई, असं त्यात म्हटलं आहे. गाड्या गेल्या, चाकं गेली, हत्यारं तेवढी राहिली. आता आप्पा फ्लॅटमधली कपाटं, ओटे, पलंग करतात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाते. माझं काम एकच : आप्पा टेप लावून आकडे सांगतात आणि मी ते वहीत उतरवते.

नवीन पनवेलमध्ये एक निवृत्त काका-काकू राहतात. त्यांच्याकडे लॅब्रॅडॉर जातीचं तीन महिन्यांचं पिल्लू आलं होतं. काळंभोर, गुबगुबीत, पायांचे पंजे अंगाच्या मानानं भलतेच मोठे. "मिस्त्री, याला सोफ्यावर चढायला आणि उतरायला एक उतरण करून द्या. आणि एक पलंगासाठी," काका म्हणाले. आप्पांनी एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा सोफ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक त्यांना प्रथमच भेटत होतं. "साहेब, कुत्रं उडी मारतं की!" ते म्हणाले.

"तेच नको आहे," असं म्हणून काकांनी कपाटातून एक जुना एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. तो त्यांच्या पहिल्या कुत्रीचा होता. तीही लॅब्रॅडॉरच. शेवटची दोन वर्षं तिला बसल्या जागेवरून उठता येत नव्हतं. काकू टॉवेल पोटाखालून घालून तिचा मागचा भाग उचलायच्या, तेव्हा ती चार पावलं चालायची. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या खोबणीत नीट बसलेला नव्हता. खोबण उथळ, माथा चपटलेला. आप्पा बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांधा ढिला राहिलाय."

मराठीची ही एक गंमतच आहे. लाकडाचा तोही सांधा आणि हाडाचा तोही सांधा! आप्पांना डॉक्टरी कळत नाही, पण ढिला सांधा हलतो, हलला की झिजतो आणि झिजला की आणखी ढिला होतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चाकाच्या तुंब्यात आस सैल बसली तर काय होतं, हे पणजोबांपासून आमच्या घरात ठाऊक आहे.

मग काकांनी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं समजावून दिलं. वाढत्या पिल्लाच्या हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेच्या चकत्या असतात. हाड लांब होतं ते तिथून. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत या चकत्या पूर्ण हाड बनून मिटायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोपर्यंत तो भाग हाडाच्या मानानं कच्चा. उंचावरून पडलं किंवा वेडीवाकडी उडी बसली तर इजा होते ती बहुधा तिथेच. कुत्र्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग, सुमारे साठ टक्के, पुढच्या पायांवर असतो. खाली उडी मारताना तर सारा भार आधी त्यांच्यावरच येतो. त्यातून फ्लॅटमधली फरशी गुळगुळीत! उडी मारून पिल्लू टेकतं आणि चारी पाय चार दिशांना जातात.

मी घरी आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचलं. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लेऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला. तो 2012 साली प्रसिद्ध झाला. जन्मापासून तीन महिन्यांच्या आत जी पिल्लं रोज जिने चढत-उतरत होती, त्यांच्यात कमरेच्या सांध्याचा हा दोष अधिक आढळला. उलट जी मोकळ्या, मऊ, उंचसखल जमिनीवर मनासारखी हुंदडत होती, त्यांच्यात तो कमी आढळला. म्हणजे पिल्लाला जखडून ठेवायचं नाही. त्याला खेळू द्यायचं, पण मातीवर आणि गवतावर. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांचा. त्यांतल्या निम्म्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा पाव हिश्शानं कमी अन्न जन्मभर दिलं. ती सडपातळ कुत्री सरासरीनं जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. हा दोष बराचसा आईबापांकडून येतो, तेव्हा नुसत्या फळीनं तो टळेल असं नाही. जात पाहून पिल्लू घेणं, त्याचं वजन आटोक्यात ठेवणं आणि त्याला उड्यांपासून जपणं, या तिन्ही गोष्टी मिळून काम करतात. आप्पांच्या हातात यांतली तिसरी होती.

सोफा सतरा इंच उंच भरला. आप्पांनी हिशेब केला, "उंचीच्या तिप्पट लांबी." मी वहीत एक्कावन्न इंच लिहिले. पाऊण इंची प्लाय, अठरा इंच रुंद, खाली तीन आडवे आधार, दोन्ही कडांना दोन-दोन इंचांची पट्टी, म्हणजे पाय बाहेर घसरायला नको. वर काय लावायचं यावर मात्र बरीच चर्चा झाली. काथ्याची चटई काकूंनी सुचवली, पण तिच्यात नखं अडकतील म्हणून ती बाद झाली. शेवटी रबराची खडबडीत चटई चिकटवली. उतरणच फरशीवरून सरकू नये म्हणून आप्पांनी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून तिच्या पायांना लावले.

पलंगाशी मात्र गाडी अडली. पलंग चोवीस इंच उंच. तिप्पट म्हणजे सहा फूट, आणि भिंतीपर्यंत जागा साडेतीन फूट! आप्पांनी आधी सरळ उपाय सांगितला, "गादी जमिनीवर टाका." काकूंच्या गुडघ्यांना ते मानवणारं नव्हतं. आप्पा पेन्सिल कानावर ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मग हसले. "घाटात काय करतात? वळण देतात."

पनवेलच्या माणसाला घाट सांगावा लागत नाही. बोरघाटातून गाडीरस्ता 1830 साली झाला आणि पनवेलच्या बंदरातला माल बैलगाड्यांतून देशावर चढू लागला. पुढे 1863 साली त्याच घाटातून रेल्वे वर नेली, तेव्हा तिचा सर्वांत तीव्र चढ ठेवला तो सदतीस फुटांना एक फूट. डोंगराची उंची कुणाला कमी करता आली नाही, म्हणून वाट लांब केली. आप्पांनी पलंगाशी तेच केलं. बारा इंचांवर दोन फूट चौरस टप्पा, त्याच्या अलीकडे तीन फुटांची एक फळी भिंतीलगत, आणि तिथून काटकोनात वळून पलंगापर्यंत दुसरी. काम झाल्यावर ते स्वतः तिच्यावर उभे राहिले. पिल्लू मोठं झाल्यावर तीस किलोंच्या पुढे जाणार, फळी वाकून चालणार नव्हती.

आळीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. "काय रे, कुत्र्यासाठी घाट बांधलास म्हणे!" म्हणून लोकांनी आप्पांची भरपूर थट्टा केली. "आमची पोरं गटारावरून उड्या मारतात, त्यांना कुणी फळी टाकत नाही," असं एकजण म्हणाला, आणि त्यावर हसू येण्याऐवजी सगळे क्षणभर गप्प झाले. आमच्या आळीतली गावठी कुत्रीही दिवसभर ओट्यांवरून उड्या मारतात. अंगानं हलकी, हाडानं काटक. आणि जे पिल्लू काटक नसतं ते मोठं होताना कुणाला दिसतच नाही.

आजी मात्र हसली नाही. तिचं माहेर शेतकऱ्याचं. ती म्हणाली, "यात नवल काय? आदत गोऱ्हा कुणी जुंपतं का?" दुधाचे दात न पडलेल्या कोवळ्या गोऱ्ह्याला आदत म्हणतात. दोन वर्षांपुढे त्याचे पहिले दोन पक्के दात येतात, मग तो दुसा होतो. जाणता शेतकरी गोऱ्ह्याच्या तोंडात पाहिल्याशिवाय त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. कच्च्या हाडावर ओझं घातलं तर जनावर जन्माचं बसतं, हे त्याला एक्स-रेशिवाय ठाऊक असतं.

आजीचं बोलणं ऐकून आप्पा सहज बोलून गेले, "मला अकराव्या वर्षी जुंपलं होतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आजोबा आजारी पडले, शाळा सुटली आणि आप्पा एका मिस्त्रीच्या हाताखाली लागले. लिफ्ट नसलेल्या इमारतींत सागाच्या फळ्या डोक्यावर घेऊन ते चार-चार मजले चढत. त्यांचा उजवा गुडघा आज उकिडवं बसू देत नाही. तो त्याचमुळे दुखतो की काय, हे मी कशी सांगणार? पण आजी त्या रात्री जेवली नाही. बैलाचे दात पाहणाऱ्या घरातल्या बाईला मुलाच्या डोक्यावरच्या फळ्या दिसत नव्हत्या असं थोडंच आहे! दिसत होत्या, पण घरात खाणारी पाच तोंडं होती. 2016 सालापासून कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्याची मोकळीक आहे.

त्या मोकळिकीचा फायदा आप्पांनी माझ्या बाबतीत कधी घेतला नाही. लहानपणी मी फळीचं दुसरं टोक धरायला गेले की ते म्हणायचे, "तू वही धर." मला वाटायचं, मुलगी म्हणून सांगतात. पण माझ्या धाकट्या भावालाही ते हेच सांगतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेजात आल्यावर पहिल्या वर्षी ग्रंथालयात पुस्तक कसं मागायचं इथपासून सगळंच मला उंच वाटे. ज्यांच्या घरी आधी कुणी शिकलेलं असतं ती मुलं ही उंची एका ढांगेत चढतात. मला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं "कमवायला कधी लागणार?" असं एकदाही न विचारता आप्पांनी मला दिली.

उतरणीबद्दल मला कळलं ते एवढंच. तिच्यामुळे उंची कमी होत नाही. सोफा सतरा इंचच राहतो. चढणाऱ्याला फक्त लांबी जास्त मिळते, म्हणजेच वेळ मिळतो. वाढणाऱ्या जिवाला याहून जास्त काही द्यावं लागत नाही, पण हे द्यावंच लागतं. आणि देणाऱ्याला त्यासाठी आपल्या घरातली थोडी जागा अडवून घ्यावी लागते.

पिल्लू आरंभी उतरणीला भ्यालं. काकांनी मग फळी आधी जमिनीवर सपाट ठेवली आणि तिच्यावर खाऊ टाकला. दोन दिवसांनी तिच्या एका टोकाखाली एक वीट, मग दोन विटा, आणि आठवड्याभरात फळी सोफ्याला लागली. आता ते सात महिन्यांचं झालं आहे आणि उतरणीवरून अशा रुबाबात खाली येतं की जणू बंगला त्याच्याच नावावर आहे. दीड वर्षानं ती काढून ठेवता यावी म्हणून आप्पांनी ती नट-बोल्टनं जोडली होती. काका म्हणाले, "राहू द्या मिस्त्री. त्याच्या म्हातारपणी पुन्हा लागेल. आणि तोवर आम्हीही काही तरुण होत नाही!"