तेराचे वीस

बार्शीच्या बाजारपेठेतील त्या किराणा दुकानात आता ग्राहकाचा हात खिशाऐवजी मोबाईलकडे जातो. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टीत सात वर्षांच्या नातीस नाणी शिकविण्याचे आजोबांनी मनावर घेतले. शाळेत तिची बेरीज चोख. परंतु सात रुपये मागितले की ती सात नाणी मोजून काढी. एका नाण्यात पाच रुपये कसे मावतात, हे तिला उमगत नसे. त्यात आपली नाणीही फसवी! पाचाची काही नाणी दोनाच्या नाण्याहून लहान.

आजोबांनी एक, दोन, पाच आणि दहाची नाणी तिच्यापुढे ओतली व दहा रुपये किती तऱ्हांनी होतात, ते मांडावयास सांगितले. पहिल्या दिवशी चार तऱ्हा सापडल्या, आठवड्याअखेर अकरा. बारावी निघणार नाही, हेही तिनेच ठामपणे सांगितले. मग सुटे परत करण्याची दुकानदारी रीत आली. वजाबाकी करावयाची नाही, किमतीपासून पुढे मोजावयाचे. तेराचा माल, वीसची नोट. "चौदा, पंधरा, वीस" म्हणत एक, एक आणि पाच ग्राहकाच्या हातावर ठेवावयाचे.

एके सायंकाळी रोजमेळात तीन रुपये जास्त निघाले. नातीचा चेहरा उतरला. दुपारी एका भाजीवाल्या मावशींना सात रुपये देताना, गर्दीच्या घाईत न मोजताच, दोनाचे मोठे नाणे तिने पाचाचे म्हणून दिले होते.

"तीन रुपयांसाठी एवढे काय?" मुलगा म्हणाला. आजोबांना १९५७ चा एप्रिल आठवला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्याचे सव्वासहा. पाव पैशाचे नाणेच नाही. म्हणून एका आण्यास सहा, तर तीन आण्यांस एकोणीस असे सरकारी कोष्टक. तो पाव पैसा कोणाच्या पदरी जातो, यावरून त्यांच्या वडिलांच्या दुकानात वाद होत. आजोबांनी मुलास उत्तर दिले नाही. त्यांनी नातीकडून तीन रुपयांची पुडी बांधवून गल्ल्याशेजारी ठेवविली.

पुढच्या आठवडी बाजारास मावशी आल्या. त्यांना काही आठवतही नव्हते. नात खुर्चीवरून उतरून पुढे गेली.

"मावशी, त्या दिवशी मोजणी सतरावरच राहिली होती," ती म्हणाली आणि त्यांच्या तळहातावर आधी एकाचे, मग दोनाचे नाणे ठेवले. "अठरा. वीस."