पोफळीतल्या बिअरच्या बाटल्या

मे महिन्यात वीकेंडला कुठे, या प्रश्नाची उत्तरं आमच्या कट्ट्यावर ठरलेली असतात. अलिबाग, महाबळेश्वर, फार तर गोवा. मी म्हटलं, पोफळी. 'म्हणजे सुपारीची?' हो बाई, तीच. पण गाव!

चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागतं. डोंगराच्या पोटात कोयनेचं भूमिगत वीजघर, १९६२ पासूनचं. शिवसागराचं पाणी सह्याद्री फोडून इथे उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीला मिळतं. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. माझे काका तिथूनच रिटायर झाले, तरी मी गेटच्या पुढे कधी गेले नाही. माझं डेस्टिनेशन काकूची पडवी.

यंदा तिथे न्यू जर्सीहून दादाही आला होता, तोंड पाडून. तिकडे घरी बिअर बनवायला कायद्याची आडकाठी नाही. (आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हा गुन्हा, तेव्हा घरी ट्राय करू नका!) मित्राच्या लग्नासाठी त्यानं मोठ्या कौतुकानं दोन पिंपं केली. पंधरा दिवसांत रंग तपकिरी आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. पाहुण्यांनी ग्लास हळूच कुंडीत ओतले. 'दोन महिने राबलो गं,' तो म्हणाला. काकूला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं.

पडवीत साठ-एक बाटल्या उन्हात वाळत होत्या. बिअरच्याच! भंगारवाल्याकडून आणलेल्या, सोड्यानं धुतलेल्या. काकू वर्षाचा आंब्याचा रस त्यांतच भरते. दादा मदतीला बसला आणि त्यानं उंचावरून भसाभस रस ओतला.

'अरे, धार अंगावरून सोड! फेस म्हणजे वारा. वारा राहिला की मानेपाशी रस काळा पडतो.'

मग तिनं दाखवलं. रस गरम, बाटली तिरकी, धार काचेला लागून. वर दोन बोटं जागा, कारण उकळताना रस फुगतो. वाफेनं हवा बाहेर ढकलली की लगेच बूच, आणि बाटल्या पाण्याच्या हंड्यात.

दादा गप्पच झाला. त्याचीही चूक तीच. यीस्टला ऑक्सिजन लागतो तो अगदी सुरुवातीला. तेव्हा हवं तेवढं घुसळा. आंबवण संपली की मात्र तोच वैरी. यानं तयार बिअर तांब्यातांब्यानं एका पिंपातून दुसऱ्यात ओतली होती. बाटलीत साखर घातली की उरलेलं यीस्ट थोडा ऑक्सिजन खातं, पण एवढा नाही. खरं तर नळी बाटलीच्या तळाशी टेकवून खालून वर भरायचं, खळखळाट होऊ द्यायचा नाही, मान जास्त रिकामी ठेवायची नाही. फेसाचं गणित मात्र उलटं. रसाच्या फेसात हवा, बिअरच्या फेसात कार्बन डायऑक्साइड. म्हणून गॅस भरलेली बिअर बाटलीत भरताना फेस काठाशी आला की त्याच्यावरच बूच मारतात.

हे सगळं तो मला कुजबुजत सांगत होता. काकू हंड्याखाली लाकडं सारत होती.

'पुढच्या वेळी नळी वापर,' ती मागे न बघताच म्हणाली. 'आणि त्या मित्राला रसाच्या दोन बाटल्या ने. लग्नात काय प्यायला दिलंस बिचाऱ्यांना!'

दादाचे कान लाल. काका पेपरामागे हसत होते; फितूर कोण, ते तेव्हा कळलं.