पंच नसलेल्या मैदानावर ‘मान्य नाही’ म्हणताना

‘खेळात जात नसते’ असे आम्हाला ज्यांनी ज्यांनी सुनावले, त्यांच्यापैकी एकालाही मैदानाच्या कडेला ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न कधी विचारला गेलेला नव्हता. ज्याला तो विचारला जातो, तो असले वाक्य बोलत नाही. पालवणकर बाळूंना तर तो विचारायचीही गरज नव्हती, पुण्यात सगळ्यांना त्यांची जात ठाऊक होती. गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची झाडलोट करता करता गोलंदाज झालेल्या या चर्मकार समाजातल्या माणसाला हिंदूंच्या संघात घेतले, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हते. चेंडू त्यांच्या हातचा चालत होता, चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही, ते १९२३ साली धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या वाट्याला आले. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. हेही आपण सांगितले पाहिजे, लपवण्यासारखे त्यात काही नाही.)

आज मात्र बोलायचे आहे ते क्रिकेटबद्दल नाही. आम्ही रावेतला दर रविवारी सकाळी जो खेळ खेळतो, त्याला अल्टिमेट फ्रिस्बी म्हणतात. आमच्या वस्तीतल्या आयाबाया त्याला ‘थाळी’ म्हणतात. ‘गेली का पोरं थाळी खेळायला?’ हे आता रविवारचे नेहमीचे वाक्य झाले आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १७५ ग्रॅमची प्लास्टिकची तबकडी, दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू, १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद मैदान. दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचा पट्टा असतो, त्यात आपल्या गड्याने तबकडी झेलली की गुण. तबकडी हातात आली की पळायचे नाही, एक पाय रोवून दहा सेकंदांच्या आत पुढे फेकायची. खाली पडली की समोरच्यांची. मिश्र गटात मुले-मुली एकत्र खेळतात, एका बाजूचे चार आणि दुसऱ्या बाजूचे तीन असे. १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका शाळेतल्या पोरांनी हा खेळ सुरू केला. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या खेळात पंच नसतो. जागतिक स्पर्धेतही नसतो. फाऊल झाला की नाही, रेषेच्या आत की बाहेर, हे खेळणाऱ्यांनीच आपसांत बोलून ठरवायचे. याला ते लोक ‘स्पिरिट ऑफ द गेम’ म्हणतात. सामना संपला की दोन्ही संघ एकाच गोलात बसून बोलतात, आणि प्रत्येक संघ समोरच्याला स्पिरिटचे गुण देतो. पाच मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते चार.

आमच्यात देहूरोडची पोरे आहेत, निगडी ओटा स्कीमची आहेत, वाल्हेकरवाडी आणि किवळ्याची आहेत. दोघे हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतात, चौघे चाकणला कंत्राटी आहेत, बाकीचे शिकतात नाहीतर भरतीची तयारी करतात. पहिली तबकडी कंपनीतल्या एका खेळदिनानंतर उरलेली म्हणून आमच्यातल्या एकाने आणली. ती फुटली तेव्हा कळले की सामन्याची चांगली तबकडी एका दिवसाच्या कंत्राटी हजेरीहून महाग असते. मग वर्गणी काढली. जयंतीच्या पावतीपुस्तकाची उरलेली पाने वापरली. स्टड अजूनही सगळ्यांकडे नाहीत. दोघांच्या मापाचा एकच जोड आहे, म्हणून ते दोघे कधी एकत्र मैदानात उतरत नाहीत. यावर आमच्याकडे बरेच विनोद झाले आहेत.

मैदानाचे म्हणाल तर १०० मीटर आम्हाला कधीच मिळाले नाहीत. १९९७ साली रावेत पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. ज्या पवनेच्या पाण्यावर हे शहर मुख्यतः जगते, ते इथल्याच बंधाऱ्यावरून उचलले जाते. पण गावाचे शेत गेले आणि टॉवर आले, त्यात मोकळी जागा उरली ती बिल्डरच्या पत्र्यामागे. टॉवरमधल्या पोरांना सोसायटीची हिरवळ आहे, तिथे आमच्यासारख्यांना वॉचमन अडवतो. तोही बहुधा आपलाच माणूस असतो, त्याचा दोष नाही. आम्ही ज्या रिकाम्या प्लॉटवर खेळतो तिथे साठ-पासष्ट मीटर मोकळे मिळतात. पहाटे दोघे जण काचा आणि खडे वेचतात, एक जण फक्की मारतो, कोपऱ्यांवर विटा ठेवतो. पुढच्या वर्षी तिथे खोदकाम सुरू होईल हे सगळ्यांना माहीत आहे.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे, पण एवढेच सांगतो की मिश्र गटात मुलींशिवाय संघ उभाच राहत नाही. ‘मुलींनाही संधी देतो’ अशी उपकाराची भाषा इथे चालत नाही. तीन मुली आल्या नाहीत तर सामना गेला. एका मुलीच्या घरी मामांनी हरकत घेतली तेव्हा आम्ही पाच जण जाऊन बसलो, आणि ‘ती नसली तर आम्ही हरतो’ एवढेच सांगितले. मामा म्हणाले, ‘मग जाऊ द्या.’ स्त्रीमुक्तीवरचे आमचे भाषण तयार होते, ते तसेच राहिले.

आता मूळ मुद्दा. आमची पहिली स्पर्धा पुण्यात झाली. पाच सामने खेळलो, पाचही हरलो. आणि बक्षीस समारंभात आमचे नाव पुकारले गेले. स्पिरिटचे बक्षीस आम्हाला! टाळ्या वाजल्या, फोटो झाले, कुणीतरी इंग्रजीत म्हणाले की या मुलांकडून आपण सगळ्यांनी शिकायला हवे. परतताना पीएमपीच्या बसमध्ये तो करंडक मांडीवर घेऊन बसलेल्या आमच्या मुलीने विचारले, ‘आपण नक्की काय केलं म्हणून हा मिळाला?’

आम्ही आठवायला लागलो. समोरचा धडकला, आम्ही उठून कपडे झटकले. त्यांनी फाऊल म्हटले, आम्ही तबकडी देऊन टाकली. रेषेच्या आतला झेल त्यांनी बाहेर म्हटला, आम्ही मान डोलावली. पाच सामन्यांत आमच्या बाजूने एकदाही ‘फाऊल’ अशी हाक गेली नव्हती. आम्ही गप्प होतो म्हणून आम्ही गुणी ठरलो होतो.

मित्रहो, हे फक्त फ्रिस्बीचे नाही हे तुमच्या लक्षात आले असेल. आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या याच गुणासाठी शाबासकी मिळालेली आहे. ‘फार चांगला माणूस, कधी वर तोंड करून बोलला नाही.’ पंच नसलेला खेळ दोन्ही बाजूंना बोलता येते असे गृहीत धरतो. एकाला घरातच शिकवलेले असते की आपले म्हणणे मांडायचे, मास्तरांनाही प्रश्न विचारायचा. दुसऱ्याला शिकवलेले असते की ‘गप बस, उगाच वाढवू नको.’ या दोघांना एका मैदानावर उभे करून ‘आता तुम्ही समान, आपसांत ठरवा’ म्हटले, तर निकाल काय लागणार? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्यातल्या ज्या विसंगतीचा इशारा दिला, तिचे एक छोटे रूप आम्ही त्या बसमध्ये मोजत होतो.

आमच्यातले काही जण तेव्हाच म्हणाले, हा खेळ सोडा, हे सगळे गांधींचे हृदयपरिवर्तन आहे. बलवानाच्या सद्‌भावनेवर आपण का विसंबून राहायचे? बाबासाहेबांनी हमी मागितली, सद्‌भावना मागितली नाही. इथेही पंच मागा, शिट्टी मागा.

हा मुद्दा हलका नव्हता. त्यावर आम्ही तीन संध्याकाळी वाद घातला. शेवटी एकाने नियमपुस्तकच मध्ये आणून ठेवले. त्यात एक गोष्ट आहे जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. समोरच्याने फाऊल म्हटला आणि तो तुम्हाला पटला नाही, तर तुम्ही ‘कॉन्टेस्ट’ म्हणू शकता. दोघांचे एकमत झाले नाही तर तबकडी परत फेकणाऱ्याकडे जाते आणि तो डाव पुन्हा खेळला जातो. मोठ्या आवाजाचा माणूस जिंकत नाही. इंग्रजी बोलणारा जिंकत नाही. एकाने ‘मान्य नाही’ म्हटले की दुसऱ्याचा निकाल अंतिम राहत नाही, मग तो कितीही जुना खेळाडू असो. याला आम्ही सद्‌भावना म्हणणार नाही. हा नकाराधिकार आहे, आणि तो लिहिलेला आहे. गांधींच्या वाटेत दुसऱ्याच्या मनात बदल होईपर्यंत थांबावे लागते, इथे थांबावे लागत नाही. आणि शिट्टीवाला पंच आणला तरी तो कुठल्या घरातून येणार, हाही प्रश्न होताच.

मग आम्ही नियम मराठीत उतरवले. विहारात अभ्यासवर्ग घ्यावा तसा दर बुधवारी एकेक कलम वाचले. देहूरोडच्या ज्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्याच परिसरातली आमची निम्मी पोरे. त्यांना वर्ग ही गोष्ट नवीन नाही. सराव करताना मुद्दाम खोटे फाऊल पुकारायचो आणि समोरच्याने डोळ्यात डोळे घालून ‘मान्य नाही’ म्हणायचे. पहिल्या दिवशी निम्म्यांना हसू येत होते. एकाला ते शब्द उच्चारताच घाम फुटला, हेही खरे.

पुढच्या स्पर्धेत एका मोठ्या कंपनीच्या संघाविरुद्ध तो प्रसंग आला. आमच्या मुलीने पट्ट्यात तबकडी झेलली, समोरच्याने फाऊल पुकारला. ती म्हणाली, ‘मान्य नाही.’ तो इंग्रजीत म्हणाला, तुला नियम माहीत नाही. तिने आधी मराठीत आणि मग हिंदीत कलम सांगितले. तबकडी परत गेली, डाव पुन्हा झाला. त्या डावात गुण मिळाला नाही आणि सामनाही आम्ही १५-११ असा गमावला. पण पाच सामन्यांपैकी दोन जिंकलो. आणि स्पिरिटच्या यादीत शेवटून दुसरे आलो. कागदावर लिहिले होते : ‘जरा आक्रमक.’

सगळे असे नाहीत, हे सांगणेही न्यायाचे आहे. एका संघाने सामन्यानंतरच्या गोलात उठून सांगितले की तुमच्यामुळे आम्ही नियम पुन्हा वाचले, आणि संवादाला पूर्ण गुण दिले. चेन्नईत कोळीवाड्यातली मुले आणि सॉफ्टवेअरवाले एकाच संघात खेळतात, त्या फ्लायवाइल्ड संघावर ‘१७५ ग्रॅम्स’ नावाचा छोटा माहितीपटही निघाला. एकत्र खेळल्याने काहीच होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. एकत्र कुणाच्या अटींवर, एवढाच आमचा सवाल आहे.

आता संघात दोन मते आहेत. काहींना पहिला करंडक परत हवा आहे. गुण वाढले तर मोठ्या स्पर्धेचे निमंत्रण मिळेल, दोन-चार वेळा गप्प राहिलो तर काय बिघडते, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे पोटतिडकीचे आहे, चाकणच्या शिफ्टमधून सुट्टी काढून येणाऱ्याला काहीतरी हाती लागावेसे वाटणारच. दुसरे म्हणतात, आमचे गुण कमी झाले हीच आमची प्रगती. मतदान घ्यावे असेही सुचले, पण कुणी गप्प बसायचे हे बहुमताने ठरवायचे का, यावरच पुन्हा वाद झाला. तूर्तास एवढे ठरले आहे की फाऊल झाला असे ज्याला वाटेल त्याने तो पुकारायचा, आणि संघातल्या कुणी त्याला नंतर त्याबद्दल बोल लावायचा नाही.

पुढची स्पर्धा नेमकी २५ डिसेंबरला आहे. त्या दिवशी मनुस्मृती दहन दिन, आणि देहूरोडला आमचे निम्मे खेळाडू स्वयंसेवक. आयोजकांना तारखेबद्दल पत्र मराठीत लिहून पाठवले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला मुकाई चौकात भेटावे. स्टड नसले तरी चालेल, काचा वेचायला हात लागतात.

जय भीम.