गव्हांकुराचा रस सिलियाकमध्ये चालतो का?

"डॉक्टर, गहू बंद आहे, पण गव्हांकुर म्हणजे पालाच ना? तो चालेल का?"

हा प्रश्न तुम्ही काही वर्षांपूर्वी विचारला असता, तर मी लगेच 'चालेल' म्हटलं असतं. एका आजींना तसं म्हटलंही होतं. त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीला सिलियाक होता आणि हिमोग्लोबिन कमी होतं.

पुस्तकाप्रमाणे माझं उत्तर बरोबर होतं. ग्लूटेन हे गव्हाच्या दाण्यात साठवलेलं प्रथिन आहे. कोवळ्या रोपासाठी दाण्याने बांधून दिलेली शिदोरीच म्हणा. हिरव्या पात्यात ते नसतं. बार्लीच्या पात्याचंही तसंच.

पुढच्या खेपेला मुलीची टीटीजी तपासणी पुन्हा वाढलेली आली. सिलियाकमध्ये पोटात ग्लूटेन जात असेल, तर रक्तातली ही प्रतिपिंडं वाढतात. पोट दुखत नव्हतं, जुलाब नव्हते. घरच्यांनी शपथेवर सांगितलं, पोळीचा तुकडाही दिला नाही. मग मी आजींना विचारलं, रस नेमका कसा करता?

"ट्रेमध्ये गहू पेरते. सात-आठ दिवसांनी मूठभर उपटते, धुते आणि मिक्सरमधून काढते. मुळांतच खरी ताकद असते ना!"

उपटते! म्हणजे मुळांसकट, आणि मुळांना चिकटलेल्या दाण्यांसकट. आठवड्याभरात दाण्यातली शिदोरी पूर्ण संपलेली नसते. गाळणीने चोथा अडतो, पण दाण्याचा बारीक अंश रसात उतरू शकतो. मी पात्याबद्दल उत्तर दिलं होतं आणि आजी देत होत्या अख्खं रोप. हे विचारायचं राहिलं ते माझ्याकडून, त्यांच्याकडून नव्हे.

रस बंद केला. त्याच वेळी हिंगही बदलला, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. सहा महिन्यांनी टीटीजी उतरली. दोघांपैकी दोषी कोण, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

गव्हांकुराची पावडर किंवा गोळ्या घ्यायच्या असतील, तर डब्यावर नुसतं 'नैसर्गिक' लिहिलेलं पुरत नाही. 'ग्लूटेन-फ्री' असं लिहिलेलं हवं. आपल्याकडे एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. रसाच्या गाडीवरचा ग्लास मात्र सोडाच. पाती कशी कापली, तोच मिक्सर आणखी कशाला वापरला, हे तिथे कोण सांगणार?

आणि हिमोग्लोबिनचं म्हणाल, तर 'हिरवं रक्त' हे नाव ऐकायला छान आहे. हरितद्रव्याची रचना हिमोग्लोबिनमधल्या हीमसारखी दिसते खरी, पण त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, लोह नव्हे. शरीर एकाचं दुसरं करत नाही. सिलियाकमध्ये लोह कमी पडतं, कारण ते जिथे शोषलं जातं तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच सुजलेला असतो. तो भरून यायला ग्लूटेन पूर्ण बंद हवं आणि तोवर लोहाचं औषध.

आजी अजून ट्रेमध्ये पेरतात, पण आता मेथी. नातीला तिची भाजी आवडत नाही, ही त्यांची नवी तक्रार आहे.